परत आणलेली स्त्री : फाळणीच्या तीन कथाकृती

फाळणीविषयीच्या कथावाङ्मयाचा विचार करताना समीक्षकाची दृष्टी बहुधा संहाराच्या चित्रणाकडे प्रथम वळते. ते स्वाभाविक आहे. 1947 मध्ये एक कोटीहून अधिक माणसे नव्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे गेली आणि मृतांची गणना आजही अंदाजानेच करावी लागते. तथापि संहाराचे वर्णन हा या वाङ्मयाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे म्हणता येत नाही. दंगल शमल्यावर, राज्ययंत्रणा स्थिरावल्यावर आणि सद्भावनेने कामाला लागल्यावर जे घडले, त्याची नोंद या वाङ्मयाने अधिक सूक्ष्मपणे घेतली आहे. पळवून नेलेल्या आणि मग परत आणलेल्या स्त्रीचा प्रश्न हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या प्रश्नाची सरकारी भाषा आधी पाहिली पाहिजे. अशा स्त्रियांना शोधून परत पाठविण्याचे दोन्ही देशांनी डिसेंबर 1947 मध्ये ठरविले आणि भारताने डिसेंबर 1949 मध्ये त्यासाठी कायदा केला. 1 मार्च 1947 पूर्वी जी मुसलमान होती आणि त्यानंतर आपल्या कुटुंबापासून दुरावून अन्य व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या ताब्यात आढळली, ती कोणत्याही वयाची स्त्री या कायद्याने ‘अपहृत’ ठरली. तिच्या पोटी त्या काळात जन्मलेले मूलही ‘अपहृत’च ठरले. पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय तिला ताब्यात घेता येत असे. तिची इच्छा काय, हा प्रश्न त्या व्याख्येत कोठेच नव्हता. या उणिवेवर विधेयकाच्या चर्चेत काही सभासदांनी बोट ठेवले होते. तरीही कायदा संमत झाला आणि 1957 पर्यंत त्याची मुदत वाढत राहिली. या साऱ्या कार्याला नाव पडले ‘रिकव्हरी’. मराठीत त्या शब्दाला ‘सोडवणूक’ म्हणावे की ‘वसुली’, येथेच अनुवादक अडखळतो. पहिला शब्द स्त्रीला माणूस मानतो, दुसरा येणे असलेली रक्कम; आणि इंग्रजी शब्दात दोन्ही अर्थ निमूटपणे एकत्र नांदतात.

सआदत हसन मंटो यांच्या ‘खोल दो’ या 1948 सालच्या कथेत हे नांदणे प्रथम उघडे पडते. अमृतसरहून निघालेल्या गाडीतून उतरलेला सिराजुद्दीन आपल्या मुलीला शोधतो आहे आणि स्वयंसेवक तरुण तिला आणून देण्याचे वचन देतात. तिच्यावर अत्याचार करणारे परधर्मीय नव्हेत, तेच रक्षणकर्ते आहेत. ‘आपले’ आणि ‘परके’ ही ज्या विभागणीवर देश तोडला गेला, तिचाच आधार मंटो काढून घेतात. कथेवर अश्लीलतेचा आळ आला. वस्तुतः तिने दुखविले ते या निष्कर्षाने.

राजिंदरसिंग बेदी यांची ‘लाजवंती’ याहून शांत आहे आणि म्हणूनच कदाचित अधिक कठोर. नावातच झाड आणि स्त्री एकवटली आहेत. आपला ‘लाजाळू’ हा शब्द झाडापुरता चालतो, स्त्रीचे नाव होऊ शकत नाही. सुंदरलाल हा पळविलेल्या स्त्रियांना मनात आणि घरात पुन्हा वसवा, असा प्रचार करणाऱ्या समितीचा कार्यकर्ता आहे. सीतेचा त्याग अन्याय्य होता, असे तो भर सभेत रामकथेच्या वक्त्याला सुनावतो. पुढे त्याची स्वतःची पत्नी परत येते. पूर्वी तिला मारणारा हा नवरा आता तिला ‘देवी’ म्हणतो. मात्र तिकडे काय झाले, ते ऐकून घेत नाही. तिला तर पुन्हा पूर्वीची लाजो व्हायचे आहे, भांडायचे आहे, बोलायचे आहे. टाकलेली सीता आणि पूजलेली देवी दोघींनाही बोलू दिले जात नाही, हे सत्य बेदी एकही आरोप न करता सांगतात. विशेष म्हणजे तिची कहाणी वाचकालाही ऐकावयास मिळत नाही. वाचक सुंदरलालच्याच जागी बसविला जातो. ही रचनेतील उणीव नसून कथेचा कणा आहे.

अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ (1950) ही कादंबरी याच प्रश्नाचे दुसरे टोक दाखविते. पुरोचे अपहरण फाळणीपूर्वीच्या दशकातले, जुन्या वैरातून घडलेले. पळून आलेल्या मुलीला आईबाप दार उघडत नाहीत आणि ती हमीदा होते. 1947 मध्ये भाऊ तिला परत न्यावयास तयार होतो, तेव्हा ती जात नाही. भावजयीला मात्र सुखरूप पाठविते. कायद्याने 1 मार्च 1947 या दिवशी आखलेली रेषा किती कृत्रिम होती, हे या एका कालक्रमातून स्पष्ट होते: कुळाच्या अब्रूचा पिंजरा त्या तारखेच्या कितीतरी आधीचा होता. कादंबरीत एक दुबळा दुवाही आहे. रशीदचा पश्चात्ताप फार सुलभ वाटतो आणि अपहरणकर्त्याचा पती होण्याचा प्रवास लेखिकेने भावनेच्या बळावर पार पाडला आहे. परंतु पुरोचा अखेरचा निर्णय त्या प्रवासावर शिक्कामोर्तब करीत नाही. आयुष्यात प्रथमच कोणी तिला विचारले आणि तिने उत्तर दिले, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि तो थोडा नाही.

लाहोरला हे कार्य प्रत्यक्ष केलेल्या कमळाबेन पटेल यांनी आपल्या गुजराती आठवणींत जाण्यास नकार देणाऱ्या स्त्रियांची आणि मागे राहिलेल्या मुलांची हकीकत लिहिली. उर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांचे ग्रंथ 1998 मध्ये आले, तेव्हा कोठे हा प्रश्न इतिहासाच्या विचाराच्या केंद्राकडे सरकला. कथाकारांनी तो घटनेच्या दोन-चार वर्षांतच मांडला होता. हे श्रेय केवळ प्रतिभेचे नव्हे. कायद्याला व्यक्ती एका गटात बसवावीच लागते. कथेला एकीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्र सीमेपासून दूर होता. तरी 1949 मध्ये कल्याणजवळच्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि निर्वासितांचे जग मराठी जगाला येऊन भिडले. मराठी कथेने त्याची दखल क्वचितच घेतली. हे वाङ्मय मराठी वाचकापर्यंत मुख्यतः अनुवादातूनच आले. म्हणून अनुवादकाची जबाबदारी वाढते. लाजवंतीचे मौन त्याने सहानुभूतीच्या गोड शब्दांनी भरून काढले, तर सुंदरलालने केले तेच त्यानेही केले, असे होईल. ते मौन जसेच्या तसे मराठीत आणणे, हीच त्या कथेशी निष्ठा होय.