मोगलीच्या जंगलातला न बोलणारा माणूस

हेमलकसाहून परतताना गाडीत भाच्यानं विचारलं, ‘मोगली म्हणजे काय?’ मी पुस्तकी उत्तर दिलं: बेडूक. ‘कुठल्या भाषेत?’ मला सांगता येईना. घरी येऊन शोधलं तर उत्तर निघालं, कुठल्याच नाही. आपण हे नाव मनानंच रचलं, असं किपलिंगनं नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे. उच्चारही त्याला ‘मावग्ली’ असा हवा होता. बाकी बरीच नावं मात्र अस्सल हिंदुस्थानी आहेत: भालूचा बालू, शेरखान, हाथी. प्राण्यांना आपल्याकडची नावं आणि माणसाच्या पोराला कुठल्याच भाषेतलं नसलेलं!

आमच्या पिढीनं हे जंगल पुस्तकात नव्हे, दूरदर्शनवर पाहिलं. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं 1989-90 मध्ये केलेली ही 52 भागांची मालिका 1993 मध्ये हिंदीत आली. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. चंद्रपुरात आम्ही पोरं त्या आवाजाला खरोखर घाबरत असू. वाघ हिंदी बोलतो याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही.

जंगल कुठलं, हाही प्रश्न तेव्हा पडला नव्हता. कथेतली नदी वैनगंगा आहे. ती मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा ओलांडून गडचिरोलीच्या पश्चिम कडेनं वाहते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत शिरते. हेमलकसाजवळच्या पामुलगौतम आणि पर्लकोटा इंद्रावतीला मिळतात. तीही पुढे गोदावरीतच जाते. म्हणजे मोगलीच्या नदीचं पाणी आपल्याच मुलखातून जातं. किपलिंग सिवनीला कधी गेलाच नव्हता, असं अभ्यासक मानतात. स्टर्नडेलच्या 1877 च्या शिकारी पुस्तकावर त्यानं बरीच भिस्त ठेवली. जाता जाता एक गंमत: लांडग्यांच्या टोळीवर चालून येणारे रानकुत्रे त्यानं दख्खनमधून, म्हणजे आपल्या बाजूनं आणले आहेत.

मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. 1895 च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली एका गावावर सूड उगवतो; प्राणी पिकं खाऊन, तुडवून टाकतात. घाबरलेले गावकरी रानातल्या गोंडांच्या मुखियाला बोलावतात आणि तुमचे जुने देव आमच्यावर रागावलेत का, असं विचारतात. तो एक शब्दही बोलत नाही. रानकारल्याची वेल उचलतो, देवळाच्या दारावर आडवीतिडवी गुंफतो, हातानं गाव सोडून जायची वाट दाखवतो आणि परत रानात निघून जातो. प्रसंग विलक्षण आहे. किपलिंगच्या उत्तम पानांपैकी एक. पण ज्या पुस्तकात अस्वल कायदा शिकवतं, अजगर सल्ला देतो, माकडं तर थांबतच नाहीत, तिथं जंगलाचा मूळ मालक म्हणून ज्याची ओळख करून दिली तोच मुका! लेखकाला गोंडाचं गूढ हवं आहे, बोलणं नको. टीव्हीवरचा गोंड तर मला आठवतही नाही.

सिवनीचे गोंड आणि भामरागडचे माडिया एकच नव्हेत, हे मान्य. तरी हेमलकसाला उभं राहून ते पान वाचलं की ते बोचतं. 1973 च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी इथं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना औषधाआधी माडिया भाषा शिकावी लागली. पोटात कुठं दुखतं, हे रोगी हिंदीत थोडंच सांगणार? तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवातही अशाच एका भेटीतून झाली. माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचं जिवंत पिलू तिला बिलगून होतं. टीव्हीच्या जंगलात शिकारी खलनायक असतो. इथं तो उपाशी माणूस होता. पिलू मागून घेण्यासाठी त्याच्याशी बोलावं लागलं. पुढे तिथं बिबटे, अस्वलं, तरस माणसांच्या हातून वाढले. मोगलीची गोष्टच उलटी झाली, फक्त त्यातलं एकही जनावर बोललं नाही. (2014 च्या चित्रपटात डॉ. प्रकाश झाले ते नाना पाटेकरच. आमचा शेरखान!)

लांडग्यांत वाढलेलं मूल खरंच बोलेल का? आग्र्याजवळच्या सिकंद्रा अनाथाश्रमात असा एक मुलगा होता, दीना शनिचर. लांडग्यांनी वाढवल्याची हकिकत शंकास्पद आहे, पण तो बोलायला कधीच शिकला नाही. पहिल्या काही वर्षांत कानावर भाषा पडली नाही, तर ती पुढे धड येत नाही. मोगली मात्र सगळ्या प्राण्यांच्या भाषा बोलतो आणि गावात गेल्यावर माणसांची भाषाही भराभर उचलतो.

हेमलकसाच्या आश्रमशाळेत 1976 पासून माडिया मुलं येतात ती घरची भाषा घेऊन, पुस्तकं मराठीत. पहिलीतलं गप्प बसलेलं पोर मुकं नसतं. त्याच्याजवळ झाडांची, माशांची, पाखरांची जी नावं असतात, ती मला तरी येत नाहीत.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. त्यानं विचारलं, ‘त्या गोंडाचं नाव काय होतं?’ मी पुस्तक पुन्हा उघडलं. नाव दिलेलं नाही.