टीका : एक शब्द, दोन अर्थ

आदिलाबादेत ‘टीका’ हा शब्द दोन भाषांतून कानी पडतो. तेलुगू विद्यार्थी पद्याचे ‘टीका-तात्पर्य’ लिहितो, तेव्हा त्याला शब्दांचा उलगडा अभिप्रेत असतो. मराठी विद्यार्थी तोच शब्द दोष दाखविणे या अर्थी योजितो. जिचा शिरोभूषण ठरलेला ग्रंथच गीतेवरील टीका आहे, त्या आमच्या भाषेने मूळ अर्थ व्यवहारातून जवळजवळ घालवावा, हे आम्हांस विलक्षण वाटते.

टीकाकाराची मर्यादा कोणती, हे सांगणारा मल्लिनाथ या तेलंगणातलाच, मेदक भागातील कोलिचेलम्‌चा. निराधार काही लिहिणार नाही व अनावश्यक काही सांगणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा. दुर्व्याख्यांच्या विषाने मूर्च्छित झालेल्या कालिदासाच्या वाणीस शुद्धीवर आणावे, म्हणून त्याने आपल्या टीकेस ‘संजीवनी’ हे नाव दिले. ज्ञानेश्वरांची गोष्ट वेगळी. शके 1212 च्या त्यांच्या ग्रंथात सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. तेथे मल्लिनाथाचे माप चालणार नाही. प्रतिभावंताने टीकेचे काव्य करावे. इतरांनी ते धाडस न केलेले बरे! शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणाऱ्या एकनाथांनीही तीत आपली ओवी घालू पाहणाऱ्यास कडक शब्दांत बजावले आहे.

आम्हांस याहून मोलाची वाटते ती महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची मांडणी. सूत्र व दृष्टान्त चक्रधरांचे. दार्ष्टान्तिक केसोबासांचे, आणि ते निराळे दाखविलेले. गुरूची वाणी कोठे थांबली व शिष्याची कोठे सुरू झाली, हे वाचकास दिसते. पटले नाही तर तो दार्ष्टान्तिक बाजूस ठेवून दृष्टान्ताकडे परतू शकतो.

आजच्या मार्गदर्शिकांत ही सीमारेषाच पुसलेली असते. कवितेचा सारांश पाठ झाला की कविता वाचण्याचे कारण उरत नाही. 1956 साली किनवट व राजुरा हे मराठी मुलूख या जिल्ह्यातून गेले. मागे राहिलेल्या मराठी मुलाच्या घरी जुना शब्द समजावणारा कोणी असेलच असे नाही. त्याच्या हाती केवळ सारांश देणे म्हणजे ग्रंथाचे दार बाहेरून लावून घेणे होय.

आमचे समीक्षकही याबाबतीत निर्दोष नाहीत. कवितेतील अडलेल्या ओळीचा अर्थ न लावताच ते कवीचे स्थान ठरवून मोकळे होतात. जुन्या टीकाकारास आधी अन्वय लावावा लागे.