फडके, सुधीर

(२५ जुलै १९१९ – २९ जुलै २००२). मराठी चित्रपटसृष्टीतील एक श्रेष्ठ संगीतदिग्दर्शक व गायक. मूळ नाव राम विनायक फडके. जन्म कोल्हापूर येथे. संगीताचे प्रारंभीचे शिक्षण तेथेच वामनराव पाध्ये यांच्याकडे. तरुणपणी त्यांना उपजीविकेसाठी मुंबईत व उत्तर भारतात बरीच भटकंती करावी लागली. १९४१ मध्ये त्यांचा ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या ध्वनिमुद्रिका कंपनीशी संबंध आला. पुढे ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत संगीतदिग्दर्शक झाले. गोकुळ (१९४६) हा त्यांचा आरंभीचा चित्रपट. १९४९ मध्ये गायिका ललिता देऊळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र श्रीधर हेही संगीतकार आहेत.

फडके यांच्यापूर्वी प्रभातच्या संगीताची धुरा गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव यांनी वाहिली होती. टेंबे व मास्टर कृष्णराव हे संगीत रंगभूमीवरून आलेले. भोळे यांनी पडद्यावरील गाण्याला नाट्यपदाच्या विस्तारापासून दूर नेऊन ते प्रसंगाशी बांधले. फडके यांनी हीच दिशा पुढे नेली. मात्र त्यांनी प्रसंगाइतकेच महत्त्व शब्दाला दिले. पद्यातील ऱ्हस्वदीर्घ, विरामस्थाने आणि बोलण्यातील स्वाभाविक आघात यांना धक्का न लावता चाल बांधणे, हे त्यांच्या रचनेचे मुख्य सूत्र होय. रागाचा आधार ते मोकळेपणाने घेत. परंतु रागाचे दर्शन घडविणे हा त्यांचा हेतू नसे. अर्थाला आवश्यक तेवढाच राग ते वापरीत.

या पद्धतीला ग. दि. माडगूळकर यांच्यासारखा कवी लाभला. दिग्दर्शक राजा परांजपे, लेखक-गीतकार माडगूळकर व संगीतकार फडके यांच्या सहकार्यातून जिवाचा सखा (१९४८), पुढचं पाऊल (१९५०), लाखाची गोष्ट (१९५२), ऊनपाऊस (१९५४), जगाच्या पाठीवर (१९६०) इ. चित्रपट निर्माण झाले. यांपैकी जगाच्या पाठीवरमधील गीते त्यांच्या शैलीचा नमुना म्हणून पाहता येतील. मानवी जीवनाला विणलेल्या वस्त्राची उपमा देणारे त्यातील गीत तत्त्वचिंतनपर आहे. तर देवाच्या कारभारावरील गीत उपरोधाचे आहे. दोन्ही फडके यांनीच गायिली आहेत. दोन्ही ठिकाणी चालीने शब्दांवर मात केलेली नाही. ऐकणाऱ्याला पहिल्याच श्रवणात अर्थ कळतो आणि चाल नंतर आठवत राहते.

याच काळात वसंत पवार यांनी सांगत्ये ऐका (१९५९) व पुढे राम कदम यांनी पिंजरा (१९७२) या चित्रपटांतून ढोलकीच्या तालावरील लावणीला पडद्यावर वैभव मिळवून दिले. फडके यांचा पिंड त्या प्रवाहाचा नव्हता. घरगुती जिव्हाळा, भक्ती, संयत प्रणय व करुणा हे त्यांचे प्रांत होत. लय बहुधा मध्यम, वाद्यवृंद बेताचा आणि स्वरांची झेप मर्यादित, यामुळे त्यांच्या काही रचनांत सारखेपणा जाणवतो. क्वचित भावविवशताही येते. तथापि विनोदाचे अंग त्यांना नव्हते असे नाही. पहिली तारीख (१९५४) या हिंदी चित्रपटातील किशोर कुमार यांनी गायिलेले, पगाराच्या दिवसावरील गीत रेडिओ सिलोनवरून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वाजविण्याचा प्रघातच पडला.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात प्रसारित झालेले गीतरामायण ही फडके यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. माडगूळकरांची ५६ गीते त्यांनी स्वरबद्ध केली. हे यश त्यांच्या चित्रपटीय कार्याहून वेगळे मानण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. गीतरामायणातील बहुतेक गीते विशिष्ट पात्राच्या तोंडी, विशिष्ट प्रसंगी आलेली आहेत. पात्र, प्रसंग व मनःस्थिती एका गीताच्या मर्यादेतच उभी करण्याची जी कला या मालिकेला आवश्यक होती, ती कवी व संगीतकार या दोघांनीही चित्रपटासाठी काम करताना कमावली होती. पडदा नसल्याने दृश्य दाखविण्याची जबाबदारी येथे स्वरांवर आली, एवढाच फरक. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे आदी गायकांचा सहभाग होता. पुढे ही गीते फडके यांच्या एकट्याच्या आवाजात सर्वदूर गेली. त्यामुळे निवेदनाला एकसूत्रीपणा आला. मात्र मूळच्या पात्रानुसारी नाट्याची जाणीव श्रोत्यांत फिकट झाली.

गीतरामायणाचे अन्य भाषांत अनुवाद झाले व ते मूळ चालींवरच गायिले गेले. मराठीच्या उच्चारणावर बेतलेल्या चाली परभाषेतही टिकल्या, यावरून त्यांच्या शब्दनिष्ठेमागील स्वरविचारही भक्कम होता असे दिसते. भाभी की चूडियाँ (१९६१) या हिंदी चित्रपटातील, पंडित नरेंद्र शर्मा यांनी लिहिलेले व लता मंगेशकर यांनी गायिलेले प्रभातगीत हा त्याचा दुसरा पुरावा. त्याची चाल भूप-देसकारच्या वळणाची आहे. गीतरामायणाचे पहिले गीतही भूप रागातच आहे. परंतु एकात उजाडत्या आकाशाचा विस्तार आहे, तर दुसऱ्यात श्रीरामांपुढे चरित्र गाणाऱ्या कुमारांची शांत कथनलय. पाच स्वरांतून दोन भिन्न जगे उभी करण्याचे हे सामर्थ्य असामान्य होय.

सुवासिनी (१९६१), मुंबईचा जावई (१९७०), आम्ही जातो अमुच्या गावा (१९७२) इ. चित्रपटांतील त्यांचे संगीतही लोकप्रिय झाले. शेवटच्या चित्रपटातील जगदीश खेबूडकरांच्या गीतांना त्यांनी दिलेल्या चाली पाहता, त्यांची शब्ददृष्टी माडगूळकरांपुरती मर्यादित नव्हती हे स्पष्ट होते. दादरा व नगर हवेलीच्या १९५४ मधील मुक्तिसंग्रामात त्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला. लोकवर्गणीतून उभारलेला वीर सावरकर (२००१) हा चित्रपट त्यांच्या दीर्घ प्रयत्नांचे फळ होय. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. जगाच्या पाठीवर हे त्यांचे आत्मचरित्र अपूर्ण राहिले.

नाट्यपद मागे पडल्यानंतर मराठी सुशिक्षित घरांत जे गाणे गुणगुणले जाऊ लागले, त्याला फडके यांनी घडण दिली. त्यात गायकीचा दरारा नाही. पण शब्द स्वच्छ उच्चारावा व तो समजून गावा, हा संस्कार आहे. मराठी सुगम संगीताला त्यांनी दिलेली ही देणगी त्यांच्या कोणत्याही एका कृतीहून मोठी आहे.