शेवटचा दिवस आणि 'आम्ही' : प्रवासवर्णनातील एका सर्वनामाचा विचार

प्रवासवर्णनाच्या परीक्षणात प्रस्थान आणि प्रथमदर्शन या दोन प्रसंगांना मोठा मान मिळत आला आहे. घर सोडताना लेखकाच्या मनाची अवस्था काय होती, अपरिचित भूमीचे पहिले दर्शन त्याने कोणत्या शब्दांत टिपले, हे आपण आवर्जून पाहतो. शेवटचा दिवस मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः लेखकाची कसोटी त्याच दिवशी लागते. नावीन्याचा भर ओसरलेला असतो, पाहावयाचे ते पाहून झालेले असते, आणि स्वतःच्या दृष्टीखेरीज दुसरे भांडवल जवळ उरलेले नसते. प्रवास दांपत्याचा असेल तर आणखी एक प्रश्न उभा राहतो : त्या दिवसाची हकीकत सांगणारा 'आम्ही' नेमका कोण ? प्रस्तुत टिपणात या एका सर्वनामाचाच विचार करावयाचा आहे.

संस्कृतातील द्विवचन प्राकृतातच लोपले. 'आवाम्' या रूपाचा वारसा मराठीला मिळाला नाही. मराठीने भेद राखला तो निराळा. 'आम्ही' ऐकणाऱ्यास वगळतो, 'आपण' त्यास सामावून घेतो. हा भेद संस्कृतात नाही. द्राविडी भाषांच्या सहवासाशी त्याचा संबंध जोडला जातो. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांच्या मूळ भाषेत हे दोन्ही भेद एकत्र नांदतात. 'काउआ' म्हणजे तू आणि मी असे दोघे; 'माउआ' म्हणजे ऐकणारा वगळून मी आणि दुसरे एक माणूस. माणसे दोहोंहून अधिक असतील तर अनुक्रमे 'काकोउ' आणि 'माकोउ'. पत्नीसह केलेल्या सहलीची हकीकत तिसऱ्यास सांगणारा तेथे 'माउआ' म्हणेल, म्हणजे व्याकरणच दोन माणसांची मोजदाद करील. मराठी 'आम्ही'मध्ये किती माणसे आहेत, हे व्याकरण विचारीत नाही. प्रसंगी तो एकट्यासही पुरतो. ही त्याची सोय आहे, आणि धोकाही.

आपल्या परंपरेत हा 'आम्ही' जुना आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसमवेत उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि १८८३ साली त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. वाटेवर दोघे होते, लेखणी एकाच्याच हाती होती. ग्रंथाच्या नावातही 'माझा' हाच शब्द आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) सुनीताबाई सोबत आहेत, परंतु त्या दिसतात पतीच्या विनोदाच्या प्रकाशात. त्यांची स्वतःची लेखणी वाचकांसमोर ठळकपणे आली ती तीस वर्षांनी, 'आहे मनोहर तरी'मध्ये (१९९०). तो ग्रंथ प्रवासवर्णन नव्हे. परंतु तो वाचल्यानंतर 'अपूर्वाई'तील 'आम्ही' पूर्वीसारखा वाचता येत नाही, हा अनुभव अनेकांचा असेल.

प्रत्यक्ष पॅसिफिकमधील उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन व त्यांची पत्नी फॅनी यांचे आहे. १८९० साली दोघांनी 'जॅनेट निकोल' या जहाजातून बेटाबेटांचा प्रवास केला. स्टीव्हन्सन १८९४ साली सामोआत वारले आणि त्यांचे 'इन द साउथ सीज' हे पुस्तक १८९६ साली निघाले. फॅनीची त्या सफरीतील रोजनिशी छापली गेली १९१४ साली. पतीची टिपणे मागे पडली तर त्याच्या स्मरणास साह्य व्हावे, एवढ्याचसाठी ती रोजनिशी ठेवली होती, असे तिने स्वतःच सांगितले आहे. पत्नीचे लेखन हे पतीच्या लेखनाचे सामान, ही कल्पना केवळ आपल्याकडची नाही.

आता ज्या मजकुरामुळे हे टिपण लिहावेसे वाटले, त्याकडे वळू. एक रोजनिशी काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाकडे संपादनासाठी आली. लिहिणारे गृहस्थ रोह्याचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पत्नीचे माहेर पेणचे. २०१८ साली दोघे कॅलिफोर्नियातील मुलाकडे गेले असता मुलाने त्यांना पाच दिवस हवाईतील ओआहू बेटावर धाडले. दोघेच गेले, दोघेच परतले. पुढे गृहस्थ वारले आणि मुलांनी वडिलांची रोजनिशी घरापुरती छापावयाचे ठरविले. वहीच्या मागल्या बाजूस, हिशेब आणि औषधांच्या वेळा यांच्यामध्ये, बाईंनीही काही पाने लिहिली होती. 'हा घरगुती मजकूर आहे, तो वगळावा' असा अभिप्राय प्रस्तुत लेखकाने पहिल्या वाचनानंतर दिला. तो अभिप्राय चुकीचा होता.

शेवटच्या दिवसाचे गृहस्थांचे पान नेटके आहे. सकाळी सहा वाजता 'आम्ही' डायमंड हेड या मृत ज्वालामुखीच्या शिखरावर चढण्यास आरंभ केला; उंची २३२ मीटर; वाटेत बोगदा आणि पुष्कळ पायऱ्या; 'आम्ही' माथ्यावर पाऊण तास थांबलो; वरून वाइकिकीचा सारा किनारा दिसला. त्यानंतर बॅगांची वजने, विमानाची वेळ, आणि पान संपते. समुद्राला 'अप्रतिम' हे एकच विशेषण आहे, आणि ते पाचही दिवस तेच आहे.

बाईंच्या पानाची सुरुवात अशी : 'मी खालीच. गुडघे नाही म्हणाले.' म्हणजे माथ्यावरचा 'आम्ही' एकटाच होता. बाई त्या वेळात जवळच्या शनिवारच्या बाजारात गेल्या. तेथे त्यांना अळकुड्या दिसल्या. हवाईतील लोक ज्याला 'कालो' म्हणतात तो कंद आपल्या अळवाचाच आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी तो होड्यांतून बेटावर आणला आणि त्याचा लगदा, 'पोई', हे तेथील मुख्य अन्न झाले. वनस्पतिशास्त्राचा हा तपशील बाईंना ठाऊक नव्हता. त्यांनी लिहिले ते इतकेच : 'आपण पानाची वडी करतो, ह्यांच्यात कंदाला मान.'

या वाक्यातील 'आपण' ध्यानात घेण्याजोगा आहे. गृहस्थांच्या पाचही दिवसांच्या नोंदींत 'आपण' एकदाही येत नाही. त्यांचा 'आम्ही' वाचकास पायथ्याशी ठेवून वर जातो. बाई एकट्या बाजारात उभ्या आहेत, तरी त्यांच्या 'आपण'मध्ये रोह्याचे स्वयंपाकघर आहे, पेणचे माहेर आहे आणि वाचकही आहे. परक्या बेटाशी नाते जुळते ते या सर्वनामातून. ज्या प्रवासवर्णनात 'आपण' म्हणण्याचा प्रसंगच येत नाही, त्यात स्थळ दिसते, पण भेटत नाही.

बाजारातच त्यांनी एका वृद्ध स्त्रीकडून चाफ्याचे दोन हार घेतले. तेथे हार कचऱ्यात टाकीत नाहीत, तो निसर्गाला परत द्यावयाचा, हे त्या स्त्रीने खुणेने सांगितले. पूर्वी बोटीने जाणारे प्रवासी हार समुद्रात सोडीत. तो किनाऱ्यास परत लागला तर आपणही परत येऊ, अशी समजूत होती. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर बाईंनी हारांतील दोरा ओढून काढला आणि फुले किनाऱ्यावरच्या एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली. निर्माल्याचे आपण जे करतो तेच. 'आम्ही दोघं तिथंच थोडा वेळ बसलो. येतो म्हटलं.' पान येथे संपते. ही संध्याकाळ गृहस्थांच्या पानावर नाही.

'आम्ही दोघं' हे बाईंच्या मजकुरात एकदाच येते. हरवलेले द्विवचन त्यांनी संख्यावाचकाच्या साह्याने परत मिळविले आहे, आणि ते जेथे खरोखर दोघे होते तेथेच वापरले आहे. 'येतो'विषयी मराठी वाचकास सांगावयास नको. निघणारा माणूस आपल्याकडे 'जातो' म्हणत नाही. पेणच्या कारागिराने घडविलेल्या मूर्तीस निरोप देतानाही पुन्हा येण्याचेच बोलले जाते. ते दांपत्य त्या बेटावर पुन्हा जाणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक असावे. तरीही शब्द तोच आला.

येथवर विचार केल्यावर निष्कर्ष सरळ वाटला : पतीचा 'आम्ही' खोटा, पत्नीचा 'मी' खरा. म्हणून माथ्यावरील 'आम्ही'च्या जागी 'मी' घालावा काय, असे बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, 'राहू द्या सर तसंच. हे वर गेले, म्हणजे आम्ही गेलोच की. खाली येऊन सगळं सांगितलं त्यांनी मला.'

या उत्तराने निष्कर्षास मुरड घालावी लागते. ज्या 'आम्ही'मुळे बाई झाकल्या गेल्या असे वाटत होते, त्यात त्या आपण होऊन शिरल्या होत्या. व्याकरण माणसे मोजते. दांपत्याचा हिशेब निराळा असू शकतो. मात्र हे उत्तर देण्याचा अधिकार बाईंचा होता, आणि त्यांचे पान वगळले असते तर तो प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नसता. पतीचा 'आम्ही' उदार आहे की आक्रमक, हे केवळ त्याचे पान वाचून ठरविता येत नाही.

पुस्तिकेत दोन्ही पाने समोरासमोर छापली आहेत. 'आम्ही' बदललेला नाही, त्यास तळटीपही दिलेली नाही. गावोगावची हस्तलिखिते गोळा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे की, कोणतीही वही मागल्या बाजूनेही उघडून पाहावी. औषधांच्या वेळांखाली लिहिलेले तेवढ्यावरून वाङ्मयाबाहेरचे ठरत नाही.