'यंग पर्सन्स फेस इट': सोय की लपायची जागा?

फिजिबिलिटी स्टडी कशी वाचायची असं बरेच जण विचारतात, म्हणून आज माझ्या आवडीचं एक उदाहरण. आवडीचं म्हणजे ज्याच्याशी भांडावंसं वाटतं असं.

ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडमधल्या सेंटर फॉर अपिअरन्स रिसर्चने १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी हा ऑनलाइन कार्यक्रम बनवला. भाजल्याचे व्रण, कोड, दुभंगलेला ओठ अशा कारणांनी चारचौघांत वेगळी दिसणारी मुलं. आठवड्याला एक अशी सात सत्रं आणि नंतर उजळणीचं एक. त्यात सीबीटी आहे आणि लोकांशी वागण्याचा सराव: कोणी टक लावून बघितलं तर काय करायचं, 'हे काय झालंय?' विचारलं तर किती सांगायचं.

एक गोष्ट मला फार पटते. वेगळेपणा किती ठळक आहे यावरून मनाचा त्रास ठरत नाही, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. हनुवटीवरच्या छोट्या व्रणापायी एखादी मुलगी गॅदरिंग टाळेल, अर्धा चेहरा भाजलेला मुलगा तिथेच नाचेल. म्हणून व्रण मोजून नाही, तर 'मला त्रास होतो' म्हणणाऱ्या मुलांना घेतलं.

२०१९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या रँडमाइज्ड फिजिबिलिटी स्टडीत पन्नासपेक्षा कमी मुलं होती. काहींना कार्यक्रम, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. वाचताना नजर थेट 'चिंता कमी झाली का' इथे जाते. थांबा. मुलं मिळतात का, टिकतात का, चिठ्ठीने गट ठरवणं त्यांना चालतं का, एवढंच या अभ्यासाला विचारायचं होतं. 'परिणामकारक ठरलं' हे आपण सेमिनारच्या स्लाइडवर चिकटवतो.

माझं भांडण पुढे आहे. तुलना नेहमीच्या उपचारांशी असेल, तर उद्या मोठ्या चाचणीत फरक दिसला तरी तो सीबीटीमुळे की दर आठवड्याला कुणीतरी दखल घेतल्यामुळे, हे कळणार नाही. शिवाय चेहरा न दाखवता मदत मिळते ही सोय खरी, पण माणसं टाळायची सवय लागलेल्याला तीच लपायची जागा होऊ शकते. त्यामुळे सत्रं पूर्ण केल्याचे आकडे मला पुरत नाहीत. मुलगा एकटा दुकानात गेला का, ते मोजा ना!

आणि टक लावणाऱ्यांचं काय? १८व्या वर्षी गाडीच्या आगीत भाजलेल्या जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये 'चेंजिंग फेसेस' काढली. ती संस्था त्रास होणाऱ्यांबरोबर समाजाच्या नजरेवरही काम करते. 'फेस इट' सगळं ओझं मुलावरच ठेवतं.

नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये हा कार्यक्रम तिथल्या भाषेत आणून अभ्यासला गेलाय. मराठीत आणायचा तर पहिल्याच पानावर अडायला होईल: 'व्यंग' म्हणायचं की 'विद्रूपता'? दोन्ही शब्द आधीच निकाल देऊन मोकळे होतात. त्यात आपल्याकडे प्रश्न विचारणारी व्यक्ती अनोळखी असेलच असं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली सख्खी मावशी असते. 'मावशी, मला त्यावर बोलायचं नाहीये' हे चौदा वर्षांच्या मुलीने कसं म्हणायचं, त्याचं सत्र कोणीतरी नव्यानेच लिहायला लागेल.