काहाल यांचीं मेंदूचीं चित्रें

शारीरशास्त्राचा ग्रंथ हा टीकाकाराचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका वाचकांस येईल. परंतु स्पॅनिश संशोधक सान्त्यागो रामोन इ काहाल यांचा मनुष्य व इतर पृष्ठवंशीय प्राणी यांच्या मज्जासंस्थेवरील ग्रंथ (१८९९-१९०४) नुसता चाळला, तरी ती फिटावी. त्यांतील मेंदूचीं व पृष्ठरज्जूचीं चित्रें पाहतांना आपण एखादें उपवनच पाहत आहों, असा भास होतो. काहाल यांस बालपणीं चित्रकार व्हावयाचें होतें. वैद्य असलेल्या पित्यानें त्यांस शारीरशास्त्राकडे वळविलें. तेव्हां हीं चित्रें म्हणजे कोंडलेल्या कलेचा उद्रेक होय, असें म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो आवरला पाहिजे.

कारण या चित्रांचें खरें मोल सौंदर्यांत नसून निवडींत आहे. इटलीचे कामिल्लो गोल्जी यांनीं १८७३ सालीं चांदीच्या क्षारानें मज्जापेशी रंगविण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तिची खुबी अशी कीं, असंख्य पेशींपैकीं थोड्याच काळ्या होतात; पण त्या साऱ्या फांद्यांसकट उठून दिसतात. गोल्जींस त्यांत एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचें अखंड जाळें दिसलें. काहाल यांनीं ही युक्ति १८८७ सालीं माद्रिद येथें पाहिली व पुढें तीच वापरली; परंतु प्रौढ प्राण्यांऐवजीं त्यांनीं भ्रूण आणि ससा, मांजर, उंदीर यांचीं नवजात पिलें निवडलीं. त्या वयांत बहुतेक तंतूंवर मेदाचें वेष्टण चढलेलें नसतें, आणि रंग तंतूच्या टोंकापर्यंत पोंचतो. तें टोंक मोकळें आढळलें. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हा सिद्धांत त्यावर उभा राहिला. १९०६ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, तेव्हांही गोल्जींनीं आपल्या व्याख्यानांत या सिद्धांतास विरोधच केला.

तथापि एक आक्षेप नोंदविणें आम्हांस प्राप्त आहे. अनेक कापांत पाहिलेलें काहाल एकाच चित्रांत एकत्र करीत, आणि संदेश कोणीकडे वाहतो तें लहान बाणांनीं दाखवीत. असा बाण सूक्ष्मदर्शकांतून कोणासही दिसत नाहीं. तें अनुमान आहे. परंतु रेषा इतकी निश्चयाची कीं, वाचक अनुमानासही प्रत्यक्ष समजतो. १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पेशींमधील फट दाखविली व काहाल यांचा पक्ष बळकट झाला. पण सस्तन प्राण्यांच्या मेंदूंतही कांहीं पेशी सूक्ष्म द्वारांनीं परस्परांशीं जोडलेल्या असतात, हेंही पुढें आढळलें. यानें गोल्जींचें जाळें खरें ठरत नाहीं. मात्र सुंदर चित्रासही अपवाद असतात, एवढें कळतें.

म्हणून मेंदूची रचना चित्रांवरून शिकणाऱ्यानें हा ग्रंथ अवश्य पाहावा; पण प्रत्येक रेषेस विचारावें कीं, तूं दिसलीस कीं सुचलीस? काहाल यांच्या बहुतेक रेषा या प्रश्नास निर्भयपणें उत्तर देतात, यांतच त्यांचा मोठेपणा आहे.