‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

ग्रंथाची अर्पणपत्रिका वाचक बहुधा ओलांडून पुढे जातो. आईवडील, गुरू किंवा एखादा दिवंगत मित्र यांचे ऋण तेथे नोंदलेले असते. ग्रंथाच्या आशयाशी त्याचा संबंध असतोच असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेचा किनाराही न पाहिलेल्या पुण्याच्या या लेखकाने आपला मराठी ग्रंथ युनायटेड स्टेट्समधील ‘सदाचारी लोकां’ना अर्पण केला. त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडविले, तोच कित्ता माझ्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्र बांधवांना मुक्त करावे, असा त्या अर्पणाचा आशय आहे. शूद्रांचे दास्य आणि अमेरिकेतील गुलामी यांना एकाच तराजूत घालणारी ही पहिली ठळक मराठी कृती होय. तिचा गौरव पुष्कळ झाला. ती बारकाईने वाचण्याचे काम मात्र राहून गेले आहे.

हे सदाचारी लोक कोण, हा पहिला प्रश्न. क्वेकर पंथीय होते. १८३१ पासून ‘लिबरेटर’ पत्र चालविणारा गॅरिसन होता. दक्षिणेतील गुलामधन्याच्या घरात जन्मून गुलामीविरुद्ध उभ्या राहिलेल्या ग्रिम्के भगिनी होत्या. पण युद्धापूर्वीच्या अमेरिकेत ही माणसे मूठभर होती आणि उत्तरेतही त्यांच्यावर दगड पडत. १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हाती परत देणे उत्तरेतील नागरिकांचेही कर्तव्य ठरविले. ख्रिस्ती मंडळ्या या प्रश्नावर उभ्या चिरल्या: १८४४ साली मेथडिस्ट दुभंगले, १८४५ साली दक्षिणेतील बाप्टिस्टांनी वेगळी चूल मांडली. एकच बायबल हाती घेऊन दोन्ही बाजू प्रवचने करीत होत्या.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे चित्र याहून उजळ असते तर हा लेख लिहिताना मला बरे वाटले असते. १८३८ साली मेरीलँडमधील येशूसंघीय गुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्रीपुरुष व मुले लुईझियानातील मळेवाल्यांना सुमारे एक लाख पंधरा हजार डॉलरांना विकली. जॉर्जटाऊन येथील त्यांचे महाविद्यालय कर्जात होते. विक्रीच्या पैशाचा काही भाग तिकडे गेला. कुटुंबे तोडू नयेत, अशी अट रोमहून संघाच्या वरिष्ठांनी घातली होती. ती पाळली गेली नाही. दुसऱ्याच वर्षी, १८३९ मध्ये, पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. तेव्हा चार्ल्स्टनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी लेखणी झिजवून असे प्रतिपादन केले की, निषेध समुद्रापारच्या व्यापाराचा आहे, घरात असलेल्या गुलामीचा नव्हे. आणि काळ्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळूच शकत नाही, असा १८५७ चा ड्रेड स्कॉट खटल्यातील निकाल देणारे सरन्यायाधीश टेनी हे कॅथलिक होते. १८३८ च्या विक्रीबद्दल येशूसंघाने व विद्यापीठाने प्रार्थनाविधीत जाहीर क्षमायाचना केली ती २०१७ साली.

अर्पणपत्रिकेत आणखी एक गाळलेली जागा आहे. मुक्ती देणारे तिच्यात आहेत, मुक्ती मिळविणारे नाहीत. त्याच १८३८ साली फ्रेडरिक डग्लस हा तरुण मेरीलँडमधूनच निसटला. गुलामाला अक्षर शिकविले की तो गुलाम राहात नाही, असे धनी आपल्या पत्नीला बजावीत असताना ते कानी पडलेला हा मुलगा. अक्षरांचे मोल त्याला तिथे कळले. अंतर्यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे शिपाई लढले. सुमारे चाळीस लाख माणसांची बेडी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तुटली, त्या लोहारकामात त्यांचाही घण होता. शिवाय सुटका झाली म्हणजे काम संपले, असेही नव्हते. ‘गुलामगिरी’ ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ रोजी, नेमक्या पुनरुत्थानाच्या रविवारी, लुईझियानातील कोलफॅक्स येथे मतदानाचा हक्क बजावू पाहणाऱ्या कित्येक काळ्या नागरिकांची गोऱ्या जमावाने कत्तल केली.

तेव्हा जोतीरावांनी अमेरिकेचे चित्र भाबडेपणाने रंगविले, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. अर्पणपत्रिका ही इतिहासाची नोंद नसते. ती येथल्या उच्चवर्णीयांच्या सद्सद्विवेकाला घातलेली हाक होती आणि हाक घालताना समोरच्याला त्याचा सर्वांत चांगला आरसा दाखवावा लागतो. इंग्रजी प्रस्तावनाही अशीच एका धन्याला उद्देशून आहे: तीत सरकारपुढे प्राथमिक शिक्षणाचे गाऱ्हाणे मांडले आहे. खरा ग्रंथ मराठी प्रस्तावनेपासून सुरू होतो. तेथे जोतीराव गुलामांच्या हालांचे वर्णन करतात आणि सुटकेनंतर ताटातूट झालेली आईबापे, भावंडे, लेकरे पुन्हा भेटल्यावर त्यांना काय वाटले असेल, याकडे वाचकाचे मन वळवितात. येथे ‘सदाचारी लोक’ बाजूला होतात आणि मायलेकरे पुढे येतात. मेरीलँडहून निघालेल्या त्या जहाजांची वार्ता जोतीरावांपर्यंत पोचली असेल वा नसेल. पण गुलामीचा गाभा विक्रीच्या किमतीत नसून तुटलेल्या नात्यांत आहे, हे त्यांनी अचूक ओळखले. माझ्या मते ग्रंथातील सर्वांत उंच पाने हीच.

पुढचा ग्रंथ संवादरूप आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या लेखकाला प्रश्नोत्तरांचा हा साचा परका नव्हता आणि ख्रिस्ती शिक्षण त्याच साच्यात मिळालेल्या आपल्या वाचकांनाही तो ओळखीचा वाटेल. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’तही श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री-गुरू उत्तर देतो; तेथे साष्टीच्या नवख्रिस्ती समुदायातला प्रश्नकर्ता ब्राह्मण आहे. अडीच शतकांनंतर त्या जागी धोंडिबा येऊन बसला. मराठी वाङ्मयातील हे स्थलांतर लहान नाही.

मत्स्य-कच्छापासून परशुरामापर्यंत अवतारकथांची जी उकल जोतीराव करतात, ती इतिहास म्हणून टिकणारी नाही. शब्दांच्या व्युत्पत्ती तर पुष्कळदा ओढून आणलेल्या आहेत. परंतु वामनाने पाताळात लोटलेला बळीराजा अजूनही ज्यांच्या ओठी आहे, त्यांच्याशी त्यांच्याच पुराणाच्या भाषेत बोलण्याची ती युक्ती होती. प्रभू येशूलाही ते या बळीच्या परंपरेत बसवितात. ख्रिस्त त्यांनी गोरगरिबांचा कैवारी म्हणून स्वीकारला आणि ख्रिस्तसभेच्या उंबरठ्यावरून मात्र ते आत आले नाहीत. का आले नाहीत, हे आपण त्यांना विचारण्याआधी स्वतःला विचारलेले बरे. गोव्यातील कित्येक धर्मग्रामांत जातवार बांधवमंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, देशात काही ठिकाणी स्मशानभूमीसुद्धा वेगळी राहिली आणि आपल्यात अस्पृश्यता पाळली जाते, हे भारताच्या बिशपमंडळाने दलित-सबलीकरणाच्या धोरणात लेखी मान्य केले ते २०१६ साली, म्हणजे ‘गुलामगिरी’नंतर १४३ वर्षांनी.

आमच्या पिंपरीच्या संत तुकाराम नगरात, ज्या कुणबी कवीच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा आहे त्याच्या नावाच्या वसाहतीत, हा ग्रंथ वाचायला घेतला की तरुण कामगार पहिल्यांदा ठेकेदाराचा विषय काढतात. चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील कंत्राटी कामगार गुलाम नव्हे. त्याला काम सोडता येते. ‘गुलाम’ हा शब्द इतका स्वस्त करू नये, असे मी म्हणतो. पण कोयत्यावर वा वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कुटुंबाला उचल फिटेपर्यंत परतता येत नाही, तेथे माझा आक्षेप गळून पडतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे, एवढे मी सांगतो, आणि ती मुले माझ्याकडे पाहात राहतात.

अर्पणपत्रिकेतील हाकेला ज्यांनी ओ द्यावी अशी अपेक्षा होती त्यांच्यापैकी फारच थोडे पुढे आले. जोतीराव त्यांची वाट पाहात बसले नाहीत. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटाच्या मध्यस्थीवाचून लग्ने लावण्याचे धाडस ज्यांनी केले, ते बहुतेक धोंडिबाच्याच जातकुळीचे होते.